नदीचा वाटा

दरवर्षी जुलै महिन्यात केव्हातरी मुंबईच्या वृत्तपत्रांत एक छोटी परंतु आनंदाची बातमी येते: विहार तलाव पूर्ण भरून वाहू लागला. २०२३ साली तो दिवस २६ जुलैचा होता, २०२४ साली २५ जुलैचा. सांडव्यावरून फेसाळत उतरणाऱ्या पाण्याचे छायाचित्र, तलावाची क्षमता, शहराला पुरणाऱ्या दिवसांचा हिशेब, असे सारे त्या बातमीत असते, आणि अंधेरी-घाटकोपरचा वाचक पाणीकपातीची चिंता काही काळ तरी टळली म्हणून समाधानाने पान उलटतो. बातमीच्या अखेरीस बहुधा आणखी एक ओळ असते, की तलावातून ओसंडणारे पाणी मिठी नदीस जाऊन मिळते. माझ्या मते खरी बातमी ती शेवटची ओळच होय. कारण ज्या नदीचा उगम वर्षातील बहुतेक काळ मातीच्या बांधाआड कोंडलेला असतो, ती नदी त्या दिवशी आपल्या उगमाशी पुन्हा जोडली जाते, आणि पाऊस ओसरून सांडवा कोरडा पडला की पुढल्या जुलैपर्यंत पुन्हा तोडली जाते.

मिठीविषयी आपण बोलतो ते गटाराविषयी बोलावे तसे. सुमारे १८ किलोमीटर लांबीची ही नदी विहारच्या पायथ्यापासून निघून पवई, मरोळ, साकीनाका, कुर्ला, कालिना अशी उपनगराच्या पोटातून वाट काढीत, विमानतळाच्या धावपट्टीखालून जात, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी यांच्या मधून माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या नावाचा अर्थ कोणी मिठावरून लावतात, कोणी मिठा म्हणजे गोड या शब्दावरून. आणि दोन्ही अर्थ आपापल्या ठिकाणी शोभावेत अशी ती नदी आहे, कारण उगमापाशी तिचे पाणी शहराने दीडशे वर्षांहून अधिक काळ प्यावे इतके गोड, आणि मुखापाशी भरतीच्या पाण्यात मिसळून खारे. या गोड्याचा आणि खाऱ्याचा जो मेळ निसर्गाने घातला होता, तो कसा मोडला आणि तो पुन्हा काही अंशी तरी कसा जुळविता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेटाची तहान विहिरी आणि तलाव यांवर भागत असे. वस्ती वाढली, पाऊस दगा देऊ लागला, आणि पाण्याच्या दुर्भिक्षाने सरकार हवालदिल झाले. तेव्हा साष्टीच्या डोंगरांतील विहारचे खोरे अडवून तेथून नळाने पाणी आणावे, ही हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची योजना लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत मंजूर झाली. १८५६ साली काम सुरू झाले, आणि १८६० पर्यंत मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. ते कार्य थोर होते यात संशय नाही. रोगराईने आणि तहानेने गांजलेल्या रयतेला त्याने जीवदान दिले. पुढे तेही पाणी अपुरे पडू लागले, तेव्हा वरच्या अंगाला तासो या ओढ्यावर बांध घालून १८७९ साली तुळशीचा तलाव झाला आणि त्याचे ओसंडणारे पाणी विहारकडे वळविण्यात आले. तर १८९० च्या सुमारास पवईचा तलाव झाला, ज्याचे पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने आजतागायत ते अन्य कामांसाठीच वापरले जाते. अशा रीतीने तीस-पस्तीस वर्षांच्या अवधीत मिठीचे डोंगराकडील जवळजवळ सारे पाणी तीन तलावांत बंदिस्त झाले. त्या काळच्या दप्तरांत खर्च किती, पाणी किती, नळ किती इंचांचा, याच्या तपशीलवार नोंदी आढळतात. खाली राहणाऱ्या नदीला काय उरले याची विचारपूस करण्याची तेव्हा रीतच नव्हती. कॉनिबेअरला त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. दोष आपला आहे, कारण आपल्याला आता कळते आणि तरीही आपण विचारीत नाही.

मिठीचे एकूण पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी विहारचे जवळपास १९ आणि पवईचे साडेसहा, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक भाग या धरणांच्या मागे जातो. एकतृतीयांश ही संख्या ऐकून कोणी म्हणेल, उरलेले दोनतृतीयांश तर नदीलाच आहे! परंतु पाणी केवळ मोजून चालत नाही; ते कोठून आणि कोणत्या वेगाने येते हे पाहावे लागते. धरणांच्या मागे जो भाग गेला तो मुख्यतः राष्ट्रीय उद्यानाच्या अरण्याचा. अरण्यावर पडलेला पाऊस आधी पानांवर अडतो, मग पालापाचोळ्यात मुरतो, खडकांच्या भेगांतून खोल उतरतो, आणि पाऊस थांबल्यानंतर कितीतरी महिने झऱ्यांच्या रूपाने थेंबाथेंबाने बाहेर येत राहतो. धरणांच्या खाली जो भाग उरला तो बहुतांशी डांबर, सिमेंट आणि पत्र्याचा. त्यावर पडलेला पाऊस घटकाभरात गटारांतून नदीत कोसळतो आणि घटकाभरात निघून जातो. म्हणजे अरण्याचे सावकाश येणारे पाणी आपण नदीकडून काढून घेतले आणि शहराचे धावते पाणी तेवढे तिच्या पदरी टाकले. पावसाळ्यात महापूर आणि हिवाळ्यापासून कोरडेपणा, ही जी मिठीची दुहेरी व्यथा आहे, तिचे एक मूळ या वाटणीत आहे.

गेल्या जानेवारीत एका सकाळी मी फिल्टरपाड्यापासून नदीच्या पात्राने थोडे वर चालत गेलो होतो. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावरील मोटारींचा आवाज मागे पडला, आणि आरेच्या बाजूच्या झाडांची सावली सुरू झाली, तेथे पात्रातील काळे दगड उघडे पडले होते. पावसाळ्यातील पाण्याची खूण त्या दगडांवर कमरेइतक्या उंचीवर पांढुरक्या रेघेसारखी उमटली होती, आणि तिच्या खाली वाळलेले शेवाळ कागदाच्या पापुद्र्याप्रमाणे सुटून आले होते. दोन दगडांच्या मधून हाताच्या पंजाएवढी रुंद अशी एक धार वाहत होती. स्वच्छ, थंड, तळाची वाळू दिसावी इतकी नितळ. तिच्या कडेला ओलसर मातीत खेकड्यांची बिळे होती आणि वरच्या फांदीवर एक खंड्या तिच्याकडे टक लावून बसला होता. तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर, वस्तीची पहिली मोरी पात्राला मिळाली तेथे, ती धार दिसेनाशी झाली. पुढे मरोळला, साकीनाक्याला जे वाहत होते ते रुंदीने नदीसारखे होते. परंतु त्यात नदीचे म्हणावे असे पाणी तेवढेच, पंजाभर.

नदी म्हणजे केवळ पाणी नव्हे. ती पाण्याच्या चढउताराची एक कालगणना आहे, आणि तिच्यातील प्रत्येक जीव त्या कालगणनेवर आपले आयुष्य बेतून असतो. आगरी-कोळी वस्तीत ज्याला वलगण म्हणतात तो काळ आठवा. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओढ्यांना गढूळ पाणी आले, की खालच्या डोहांत आणि खाडीच्या तोंडाशी दबा धरून असलेले मासे त्या नव्या पाण्याच्या वासाने उलट्या प्रवाहात चढू लागतात आणि उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालण्यासाठी वरवर जातात. शेताच्या बांधावरून, ओहोळांतून, गुडघाभर पाण्यातून चढणारे ते मासे हातांनी धरण्याचा आनंद ज्यांनी लहानपणी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. परंतु त्या चढणीला पहिल्या पुराचा निरोप लागतो. मिठीच्या वरच्या भागात जूनचा सारा पाऊस आणि बहुधा जुलैचाही मोठा भाग विहारची तूट भरून काढण्यात खर्ची पडतो. डोंगराचे नवे पाणी सांडव्यावरून खाली येते तेव्हा माशांचा मुहूर्त टळून गेलेला असतो. निरोप उशिरा पोहोचतो, आणि उशिरा पोहोचलेल्या निरोपाचा त्या जिवांना काही उपयोग नसतो. धरण नदीचे पाणी घेते हे सर्वांना दिसते. ते नदीची वेळही घेते, हे सहसा ध्यानात येत नाही.

खाडीच्या टोकाशीही हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहतो. भरतीचे पाणी माहीमहून आत शिरून कुर्ल्याच्या आसपासपर्यंत चढते, आणि वरून येणारे गोडे पाणी त्याला तोंड देऊन परतवते. या रोजच्या दोन वेळच्या झुंजीतून जे ना पुरते गोडे, ना पुरते खारे असे मचूळ पाणी तयार होते, त्यावर कांदळवन पोसले जाते. तिवर, चिपी, कांदळ, मारांडी या प्रत्येकाची खारटपणा सोसण्याची शक्ती वेगळी, म्हणून प्रत्येकाची जागा वेगळी. त्यांच्या मुळांच्या जाळीत कोलंबीची आणि बोयटाची पिले वाढतात, चिखलावर निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात. वरून गोडे पाणी येईनासे झाले, त्याऐवजी सांडपाणी येऊ लागले, की या नाजूक वाटणीतून एकेक भागीदार उठून जातो आणि जो सर्वांत सोशिक तो तिवर तेवढा बहुतेक ठिकाणी उरतो. माहीमच्या किनाऱ्यावर जाळी विणीत बसलेल्या वृद्ध कोळ्यांशी बोलले, तर पूर्वी खाडीत कालवे कोठे मिळत, कोणत्या भरतीला कोणता मासा आत शिरे, हे ते अजूनही बोट दाखवून सांगतात; आता ते तेथे जाळे टाकीत नाहीत, कारण मिळालेल्या माशाला रॉकेलचा वास येतो.

गाळाचेही तसेच आहे. भरती आत येताना गाळ आणते. ओहोटीबरोबर तो परत न्यायचा तर मागून नदीच्या प्रवाहाचा रेटा हवा. १८४५ साली लेडी जमशेटजी यांच्या दानशूरपणामुळे माहीमचा पूल-रस्ता झाला आणि माहीम-वांद्र्याच्या दरम्यान होड्या उलटून होणारे मृत्यू थांबले; परंतु त्याने नदीचे मुख अरुंद झाले. पंधरा वर्षांत उगम अडला. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांनी खाजणे भरून त्यावर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, आणि विमानतळासाठी प्रवाहाला काटकोनात वळावे लागले. मुख आवळलेले, उगम कोंडलेला आणि मधले अंग पिळलेले, अशा नदीत गाळ साचला नाही तरच नवल. दरवर्षी उन्हाळ्यात यंत्रे लावून तो गाळ उपसण्याचा जो खटाटोप चालतो, त्यातील काही काम तरी नदी स्वतःच्या बळावर, विनामूल्य करीत होती.

२६ जुलै २००५ या दिवसाची आठवण मुंबईकराला करून द्यावी लागत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, मिठीने आपली बळकावलेली जागा एका रात्रीत परत मागितली, आणि शेकडो माणसे प्राणास मुकली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, पात्र रुंद आणि खोल करण्यात आले, दोन्ही तीरांवर संरक्षक भिंती बांधल्या गेल्या. ज्यांची घरे छपरापर्यंत बुडाली होती त्या क्रांतीनगरच्या, जरीमरीच्या माणसांना पुराचे भय पुन्हा वाटू नये, ही इच्छा सर्वस्वी योग्यच होती. परंतु या साऱ्या बंदोबस्तात एक गोष्ट गृहीत धरली गेली: मिठी म्हणजे पाणी वाहून नेण्याची वाट, तिचे काम एवढेच की आलेले पाणी लवकर समुद्रात टाकावे. ती जिवंत वस्तू आहे आणि उरलेले आठ महिने तिलाही काही लागते, हा विचार भिंतीच्या आराखड्यात मावत नाही.

सांडपाणी नदीत पडू नये म्हणून महापालिकेने अलीकडे जी कामे हाती घेतली आहेत ती स्वागतार्ह आहेत, आणि ती पूर्ण व्हावीत अशी माझी मनापासूनची इच्छा आहे. फिल्टरपाड्याजवळ मलजलशुद्धीकरणाचे छोटे केंद्र, तीरांवरील मोऱ्या अडवून मुख्य मलवाहिनीत वळविण्याची कामे, आणि कुर्ल्याच्या बाजूच्या सफेद पूल व बापट या नाल्यांचे पावसाळ्याबाहेरचे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने धारावीच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेण्याची योजना, ही त्यांतील ठळक. परंतु येथेच एक प्रश्न उपस्थित होतो, तो मी वाचकांपुढे सर्व गांभीर्याने मांडू इच्छितो. समजा ही सारी कामे यशस्वी झाली, मैल्याचा एक थेंबही पात्रात पडेनासा झाला. तर नोव्हेंबर ते मे या महिन्यांत मिठीत वाहणार काय? आज जे वाहते ते जवळजवळ सारे सांडपाणीच आहे. ते काढून घेतले की वरच्या भागात पंजाभर धार आणि खालच्या भागात भरतीचे साचलेले पाणी, या दोहोंच्या मध्ये कोरडा, दोन भिंतींमधला चर उरेल. घाण काढणे म्हणजे नदी परत आणणे नव्हे. ते केवळ तिला परत आणण्यासाठी जागा मोकळी करणे होय. त्या मोकळ्या जागेत पाणी कोणाचे आणि कोठून येणार, याची तजवीज आजच केली नाही, तर उद्या त्या कोरड्या चरावर छप्पर घालून वाहनतळ करावा अशी सूचना पुढे आल्यास आपल्याजवळ उत्तर नसेल.

उलट सध्या विचार चालला आहे तो वेगळ्याच दिशेने. विहारचे ओसंडणारे पाणी पंपांनी उचलून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलाकडे न्यावे, म्हणजे पुराचाही धोका घटेल आणि पिण्याच्या पाण्यातही भर पडेल, अशी योजना महापालिकेने पुढे आणली आहे. पुराच्या ऐन वेळी, खाली उधाणाची भरती असताना, वरचे पाणी रोखण्यात शहाणपण आहे हे मान्य. परंतु ओसंडणे हाच या नदीला उरलेला एकमेव हक्क होता. त्यावरही पंप बसवायचे तर बदल्यात तिला काही ठरावीक मिळाले पाहिजे, हे त्या योजनेच्या मंजुरीपत्रातच लिहिले जावे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीत, मुलुंडच्या चाळीत, पहाटे उठून हंडे भरणाऱ्या बाईला जर कोणी म्हणाले की तलावाचे गोडे पाणी आम्ही नदीत सोडतो, तर ती संतापेल. आणि तिचा संताप न्याय्य असेल, जर ते पाणी तिच्या हंड्यातून जाणार असेल. म्हणून जमाखर्च मांडून पाहू. मुंबईच्या सात तलावांची मिळून साठवण १,४४,७३६ कोटी लिटरांची. त्यात विहारचा वाटा २,७७० कोटी आणि तुळशीचा ८०५ कोटी, म्हणजे दोहोंचा मिळून अडीच टक्के. जे विहार एकेकाळी मुंबईची संपूर्ण तहान भागवीत होते ते आज तानसा, वैतरणा आणि भातसा यांच्यापुढे लहान भाऊ ठरले आहे. शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी पुरविले जाते, त्यात विहारचे सुमारे ९ कोटी. समजा पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांत सरासरी रोज २ कोटी लिटर पाणी मिठीला द्यायचे ठरविले. आठ महिन्यांचे ते सुमारे ४८६ कोटी लिटर होतात, विहारच्या साठ्याचा साधारण सहावा हिस्सा; आणि शहराच्या रोजच्या पुरवठ्याशी ताडून पाहिले तर १९० लिटरांमागे एक लिटर. दरडोई दिवसाला १३५ लिटर हे जे प्रमाण इमारतींसाठी धरले जाते, त्या हिशेबाने नदीचा वाटा माणशी एका तांब्याहून कमी भरतो. आणि याच पुरवठ्याचा पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक गळतीत आणि चोरीत जातो. फुटक्या नळांतून गमावतो त्याचा लहानसा अंश वाचविला तरी नदीचे देणे फिटते, हंड्यातला थेंबही न घेता.

हे दोन कोटी लिटर म्हणजे सेकंदाला सुमारे २३० लिटरांचा प्रवाह. तो काही महानद नव्हे. उडी मारून ओलांडावा असा ओढा. परंतु मिठी तेवढीच होती हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोकणातील आखूड नद्या गंगेप्रमाणे बारमाही दुथडी भरून वाहत नाहीत. चैत्र-वैशाखात त्या आटून डोहांच्या माळेसारख्या होतात आणि झऱ्यांच्या पाझरावर तग धरतात. म्हणून बारा महिने सारखेच पाणी सोडणे हीदेखील नैसर्गिक गोष्ट नव्हे. कार्तिकात अधिक, माघात त्याहून कमी, वैशाखात डोह जिवंत राहतील इतपत, आणि मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर दोन-तीन दिवसांचा एक मोठा लोट, असा त्या पाण्याचा क्रम असावा. नेमके आकडे माझ्यासारख्याने ठरवायचे नाहीत. ते जलशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या अभ्यासकांनी नदीत उतरून, मोजून ठरवावेत.

या विचाराला आता शास्त्रात आणि कायद्यातही आधार आहे. १९९७ साली अमेरिकेतील लेरॉय पॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की नदीच्या आरोग्यासाठी पाण्याचे प्रमाण पुरेसे नाही. पूर केव्हा यावा, किती वेळा, किती काळ टिकावा आणि किती वेगाने ओसरावा, या सर्वांची नैसर्गिक लय राखावी लागते. आपल्याकडे २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने नदीच्या प्रवाहाचा काही भाग जीवसृष्टीसाठी राखावा असे म्हटले. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नद्यांत कोरड्या ऋतूतील सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी राहिले पाहिजे असा आदेश दिला. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी ऋतुपरत्वे २० ते ३० टक्के प्रवाहाची सक्ती केली. गंगेला जे लागू झाले ते मिठीला लागू होण्यास तत्त्वतः कोणतीच अडचण नसावी. लहान नदीला लहान वाटा, एवढाच फरक.

तिकडे कोलोरॅडो नदी कित्येक दशके समुद्रापर्यंत पोहोचत नव्हती, कारण वाटेतील धरणांनी आणि कालव्यांनी तिचा थेंब न् थेंब वाटून घेतला होता. अमेरिका आणि मेक्सिको या दोन देशांनी करार करून २३ मार्च २०१४ रोजी सरहद्दीवरील मोरेलोस धरणाची दारे उघडली आणि सुमारे आठ आठवडे पाणी सोडले. सान लुईस या गावात तरुण पिढीने वाळूचे पात्र तेवढे पाहिले होते. तेथे पाण्याची जीभ वाळूवरून सरकत येताना पाहण्यास लोक लेकराबाळांसह पात्रात उतरले. मे महिन्यात त्या नदीची आणि समुद्राची पुन्हा भेट झाली. पाण्यामागोमाग तीरावर कोवळी झाडे उगवली, पक्षी वाढले. दोन देशांना जे तडजोडीने जमले ते एका महापालिकेच्या दोन खात्यांना जमू नये, असे मला वाटत नाही.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. अहमदाबादेत साबरमतीच्या पात्रात नर्मदेचे पाणी आणून सोडले आहे. दोन्ही काठांवर देखणे घाट आणि फरसबंदी झाली, आणि शहराच्या खाली, वासणा बंधाऱ्यापलीकडे, नदीला पुन्हा स्वतःचे पाणी नाही. ती नदीची प्रतिमा आहे, नदी नव्हे. मिठीच्या भिंतींवर रंग चढवून, मध्ये बंधारा घालून पाणी तुंबवून, त्यात नौका सोडण्याची हौस कोणालाही सहज होऊ शकते. परंतु जे पाणी तुंबून राहते, चढत-उतरत नाही, ज्याच्या काठाला चिखल नाही, तेथे खेकडा बीळ करणार कोठे?

पाण्याची वाटणी ही आपल्या मुलखाला अपरिचित कल्पना नव्हे. खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीचे जे बंधारे आहेत, त्यांत पाटकरी प्रत्येकाच्या पाळीप्रमाणे पाणी देई. वरचा शेतकरी कितीही बलवान असला तरी खालच्याची पाळी चुकवू शकत नसे, आणि बंधारा भरला की उरलेले पाणी पुढल्या बंधाऱ्याकडे आपोआप जाई. खालच्याला पाणी पोहोचले पाहिजे, ही वहिवाट ज्या समाजाने शेकडो वर्षे सांभाळली, त्याला नदी हीही खालची एक वाटेकरी आहे हे समजण्यास परदेशी ग्रंथ उघडावे लागू नयेत.

आरंभ छोटा असावा आणि वरून व्हावा. विहार-पवईपासून साकीनाक्याच्या अलीकडपर्यंतचा टप्पा आधी घ्यावा, कारण तेथे अरण्याची सोबत आहे, आरेतील वारली पाड्यांना ओढ्यांची जाण आहे, आणि अडवायच्या मोऱ्या तुलनेने थोड्या आहेत. घाण पाण्यात चांगले पाणी ओतणे व्यर्थ, म्हणून जो टप्पा स्वच्छ झाला त्यातच पाणी सोडावे आणि स्वच्छतेचे काम जसजसे खाली सरकेल तसतसे त्या पाण्याने त्याच्यामागून जावे. पवईचे पाणी पिण्यासाठी लागत नाही. तळ्यातील मगरींना आणि काठच्या पक्ष्यांना बाधू नये इतपत बेताने त्यातील काही भाग देता येईल. जमेल तेथे तीरावरील भिंतीच्या पायथ्याशी मातीचा काठ पुन्हा घडवावा. आणि हे एकदा मिठीत साधले, तर याच डोंगररांगेत उगम पावणाऱ्या दहिसर, पोयसर, ओशिवरा या तिच्या बहिणींकडे बोरिवली-गोरेगावच्या रहिवाशांना निराळ्या नजरेने पाहता येईल.

मुंबईच्या तलावांची पातळी सांगणारा एक तक्ता महापालिका रोज सकाळी सहाच्या नोंदींवरून प्रसिद्ध करते, आणि मे-जूनच्या तगमगीत आपण तो पंचांगाइतक्या श्रद्धेने पाहतो: तलावाचे नाव, आजची पातळी, साठा, चोवीस तासांतील पाऊस. माझी विनंती एवढीच आहे की त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, ‘नदीस दिलेले पाणी’, आणि त्यात रोज एक आकडा भरावा. पहिल्या वर्षी तो लहान असला तरी चालेल, शून्य असला तर शून्य लिहावे. वाचकांनी आपल्या प्रभागातील नगरसेवकाकडे, जलअभियंत्याच्या कार्यालयाकडे या एका रकान्यासाठी अर्ज करावेत. आज त्या तक्त्यात सात तलावांची नावे असतात. मिठीचे नाव त्यात नसते.